स्कोपातलं कुंकू

‘चालू आहे’ या दोन शब्दांवरचा माझा विश्वास जुन्या बाजारात उडाला. तिथे ‘चालू आहे’ याचा अर्थ एवढाच, की वायर लावली की पुढचा लाल दिवा लागतो. दिव्यापलीकडे त्या डब्यात काय होतं, काय व्हायला हवं, असं विचारणारा माणूस त्यांच्या मते वेळ घालवायला आलेला असतो. आणि रविवारी सकाळी तिथे वेळ घालवायला येणारे पुष्कळ असतात, त्यामुळे त्यांचंही फार चुकत नाही.

मी ऑसिलोस्कोप शोधत होतो. आम्ही लोक नुसतं स्कोप म्हणतो. लहान टीव्हीसारखी काच, शेजारी भरमसाट बटणं आणि काचेवर एक हिरवी रेघ. वीज डोळ्यांना दिसत नाही, पण स्कोपला जोडली की ती कशी चढते-उतरते ते त्या रेघेवर दिसतं. कारखान्यात विजेच्या देखभालीत मी जन्म काढला. तिथे हे यंत्र हाताशी असायचं, म्हणून त्याची कधी किंमत वाटली नाही. निवृत्त झाल्यावर नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी एक टेबल मांडलं आणि ओळखीपाळखीच्या लोकांचे रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसायला लागलो. स्कोपवाचून भागत होतं. भागायचं थांबलं ते बायकोच्या तंबोऱ्यामुळे.

तंबोरा म्हणजे भोपळ्याचा नव्हे. तोही घरात आहे, गवसणी घालून कोपऱ्यात उभा आहे. पण त्याच्या खुंट्या पिळायला आता तिची बोटं साथ देत नाहीत, सांधे दुखतात. म्हणून गेली कित्येक वर्षं ती विजेच्या तंबोऱ्यावर गाते. जेवणाच्या डब्याएवढा खोका, तारांचा आवाज काढणारा. सकाळी चहाच्या आधी तो लागायचा, आणि तो लागला की मी अंथरुणातून उठायचं, असा आमच्या घरचा क्रम होता. गुरुपौर्णिमेच्या सुमारास एका सकाळी तिने तो मध्येच बंद केला आणि म्हणाली, “पंचम थरथरतोय.”

मी उठून ऐकलं. मला काही कळेना.

“अहो, गरम झाला की थरथरतो. जरा बसून ऐका.”

बसून ऐकलं. थरथरत होता.

“नवीन आणू या का?” तिने विचारलं.

“घरात मी असताना?” मी म्हणालो.

या माझ्या एका वाक्यावर पुढचे तीन महिने गेले. यात लपवण्यासारखं काही नाही. ते वाक्य मी आजही तसंच म्हणेन, फक्त जरा हळू आवाजात.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर कोजागरीला ती गाते. वर्षाकाठी तिचं चारचौघांतलं गाणं ते एवढंच. एरवी घरी येणाऱ्या मुली आणि बायका यांना शिकवते, स्वतःचं गाणं मात्र कोजागरीसाठी राखून ठेवते. या वर्षी बिहाग गायचा हे तिने उन्हाळ्यातच ठरवलं होतं. आणि बिहागाला पंचमाशिवाय गत्यंतर नाही, हे मी न विचारता तिने दोनतीनदा सांगितलं. मोबाइलवरचा तंबोरा तिने लावून पाहिला. ही षड्ज लावायची आणि कुणीतरी फोन करून कर्ज हवंय का विचारायचं. शिवाय तो आवाज तिला बरणीत कोंडलेल्या माशीसारखा वाटायचा. मग रियाज उद्यावर गेला, आणि पुढच्या उद्यावर गेला.

तंबोरा मी लगेच उघडला होता. स्क्रू आणि बारीकसारीक भाग हरवू नयेत म्हणून बिस्किटांच्या निळ्या डब्यात सगळं व्यवस्थित ठेवलं आणि झाकण लावलं. कारण आधी लहर बघायची, मग हात लावायचा, ही आमची कारखान्यातली शिस्त. अंदाजाने इकडेतिकडे सोल्डरचे डाग देत सुटणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. लहर बघायची म्हणजे स्कोप हवा. म्हणून जुना बाजार.

तिथे कॅम्पातले एक गृहस्थ जुनी यंत्रं घेऊन बसतात. आजोबांपासूनचा धंदा. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या ताडपत्रीवर एका इस्त्रीच्या आणि बाळाच्या वजनकाट्याच्या मध्ये एक स्कोप दिसला आणि माझं चित्त ढळलं.

“चाचा, चालू आहे का?”

“एकदम चालू, साहेब. हे बघा.” त्यांनी पलीकडच्या टपरीवरून वायर ओढली. दिवा लागला. “बत्ती लागली. अजून काय पायजे?”

“रेघ येते का?”

“रेघ घरी गेल्यावर येते. इथं उजेड किती आहे बघा ना.”

हे इतकं पटण्यासारखं होतं, की मी स्कोप उचलून रिक्षात घातला. रेघ घरीही आली नाही. दार बंद केलं, पडदा ओढला, काचेला नाक लावून बसलो, पण नाहीच. जिन्यात खालच्या मजल्यावरचे शेजारी भेटले होते, त्यांनी स्कोपकडे पाहून विचारलं होतं, “टीव्ही घेतलात? बरं केलंत, बेताचाच घेतलात.” आता तर त्यावर बातम्याही दिसणार नव्हत्या.

पुढच्या रविवारी मी चाचांपुढे जाऊन उभा राहिलो.

“चाचा, रेघ येत नाही.”

“बत्ती लागते का?”

“लागते.”

“मग मी खोटं काय बोललो?”

 वर त्यांनी चहा पाजला.

आता खरी गोम अशी, की स्कोप दुरुस्त करायचा तर कुठली लहर कुठे अडली ते बघावं लागतं, आणि ते बघायला स्कोप लागतो. हे मी बायकोला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे अजून एक आणणार?” मी म्हणालो, चालू असलेला आणणार. ती म्हणाली, “बत्ती लागणारा?”

चाचांनीच सांगितलं होतं, की वाघोलीच्या बाजूला एक इंजिनियरिंग कॉलेज आपली जुनी प्रयोगशाळा मोडीत काढतंय. गणपती उठल्यावर मी तिकडे गेलो. नगर रस्त्यावरच्या त्या गर्दीविषयी लिहायला बसलो तर मूळ विषय राहून जाईल. कॉलेजचे स्टोअरकीपर तिथल्याच गावचे, ऐसपैस बोलणारे. “ह्ये कॉलेज उभं हाय ना, ती आमचीच जिमीन,” असं त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं. कोपऱ्यात दोन स्कोप होते. मी हळूच एकाला वायर लावली आणि दिव्याबरोबर काचेवर रेघ आली. जाड, सुजलेली, पण हिरवी रेघ! मला टाळी वाजवावीशी वाटली.

“हे दोन मी नेतो,” मी म्हणालो.

“सुटं देत न्हाई, साहेब. लॉट हाय.”

लॉट म्हणजे त्या खोलीत भिंतीच्या आत जे जे होतं ते सगळं. मोडकी स्टुलं, छताचे पंखे, पाय नसलेलं टेबल आणि एक मोठा काळा फळा. मी विनवण्या केल्या, तत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या, निघून जातो म्हणून दारापर्यंत जाऊनही पाहिलं. ते हसतमुखाने बसून राहिले. शेवटी दोन डब्यांसाठी मी टेम्पो केला. स्टुलं आणि पंखे वाटेतल्या एका भंगारवाल्याने उतरवून घेतले, फळ्याला मात्र तो हात लावेना. फळा घरी आला.

“फळा कशाला?” बायकोने दारातच विचारलं.

“लॉटमध्ये आला.”

“मग त्याच्यावर लिहून ठेवा, तंबोरा कधी होणार ते.”

फळा गॅलरीत भिंतीला टेकून राहिला. त्यावर कुणी काही लिहिलं नाही.

दोनपैकी एका स्कोपची काचच फुटलेली निघाली. दुसऱ्याची रेघ येत होती, पण तिचे चोचले भारी. दुपारी ऊन असलं की बरी असायची, पावसाळी हवा झाली की फुगायची, अंग टाकायची आणि नाचायला लागायची. तिच्यात तंबोऱ्याची लहर बघायची, तर थरथर कुणाची, पंचमाची का स्कोपची, हे कळणार कसं? म्हणून मी त्याचं वरचं कव्हर काढलं.

आत कुंकू होतं.

चिमूटभर नव्हे. हवा खेळावी म्हणून कव्हरला ज्या फटी असतात, त्यांच्या बरोबर खाली, थरावर थर. कुंकू, त्याखाली हळद, तिच्याखाली जुनं काळपटलेलं कुंकू. अक्षता होत्या. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या होत्या. उदबत्तीची राख होती, आणि काचेच्या नळीच्या मानेपाशी एक अख्खी सुपारी अडकली होती. दर खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा व्हायची, आणि पूजा करणारा भक्तिभावाने वरून हळदकुंकू वाहायचा. वर फटी. फटींखाली हजारो व्होल्टचा भाग, काचेवर रेघ ओढणारा. कुंकू कोरडं असेतोवर गप्प बसतं. हवेत ओल आली की ते ओल धरतं आणि त्यातून वीज आपली वाट काढते. रेघ नाचणार नाही तर काय करील?

मी तडक स्टोअरकीपरना फोन लावला.

“अहो, तुमच्या स्कोपमध्ये कुंकू आहे!”

“असणारच की,” ते अभिमानाने म्हणाले. “दरसाली पूजा केलीया. एक साल चुकवलं न्हाई. म्हणून तर आजवर टिकलंय त्ये.”

मी फोन ठेवला. माझं डोकं फिरलं होतं. इतक्या वर्षांत त्या यंत्रापुढे हात जोडले सगळ्यांनी, मास्तरांनी, मुलांनी, स्टोअरवाल्यांनी. कव्हर काढून एकदा फडकं मारावं असं त्यातल्या एकालाही वाटलं नाही. ज्याला उघडायचं नाही त्याच्यापुढे नारळ फोडून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी सोय. हे मी बायकोला जरा तावातावानेच ऐकवलं. ती बिस्किटांच्या निळ्या डब्याकडे बघत होती. मला वाटलं, तिला बिस्किटं हवीत.

टाकून दिलेला एक दात घासायचा ब्रश आणि स्पिरिटची बाटली घेऊन मी ते कुंकू काढायला बसलो. बोटं लाल, बनियन लाल, गॅलरीची फरशी लाल. शिकायला येणाऱ्या एका बाईंनी गॅलरीत डोकावून घाबरून विचारलं, काका, काही लागलं का. शिकवणी चालूच होती, पेटीवर. स्वतःचं गाणं तेवढं थांबलं होतं. धुतलेला स्कोप मी फडक्यावर मांडून नवरात्रातल्या त्या कडक उन्हात वाळवला, जसे पापड वाळवतात, आणि चिमण्या येऊ नयेत म्हणून राखणही केली.

मग तो लावला. रेघ आली. बारीक, स्वच्छ, हिरवीगार, न हलणारी. मला खरंच भरून आलं.

“अगं, बघ तरी!”

ती ओल्या हाताने आली. “सरळ रेघ आहे,” म्हणाली.

“तेच तर!”

“छान. आता लावा तंबोरा.”

आता इथे खरं तर लावायला हरकत नव्हती. पण रेघ एका बाजूला किंचित कलली होती. बघणाऱ्याच्या लक्षात आलं नसतं, माझ्या आलं. कललेल्या रेघेवर विश्वास कसा ठेवणार? ती नीट करायची, तर जुन्या बाजारातला पहिला स्कोप आता या दुसऱ्याने दुरुस्त होण्यासारखा होता, आणि मग त्या पहिल्याने हा दुसरा पडताळून घेता आला असता. मी हे सांगायला तोंड उघडलं आणि तिचा आवाज चढला. एरवी तो गाण्यातच चढतो.

“मला तुमची रेघ नकोय! मला पंचम हवाय. माझा गळा बसत चाललाय, कळतंय का तुम्हाला? उचलून डब्यात ठेवता येत नाही तो.”

मलाही राग आला. मी काय चैन करत होतो? रविवारच्या रविवार ऊन खाल्लं, वाघोलीपर्यंत टेम्पो केला, दुसऱ्यांचं कुंकू खरवडलं, ते कुणासाठी? असं मी म्हणालो. आणि मी पहिला स्कोप उघडायला घेतला. नवरात्राचे दिवस त्यात गेले. रेघ शेवटी सरळ झाली, दोन्हींवर. खंडेनवमीच्या सकाळी मी आंघोळ करून ठरवलं, आज तंबोरा.

हॉलमध्ये तिने पाट मांडला होता. आमच्याकडे खंडेनवमीला ज्याची त्याची हत्यारं पुजायची असतात. तिची पेटी होती, गवसणी काढलेला मोठा तंबोरा होता, आणि माझं सोल्डरिंग आयर्न, पाने, स्क्रू ड्रायव्हरही तिने पुसून मांडले होते. मी घाईघाईने दोन्ही स्कोपवर चादर टाकली.

“यांना नको हं,” मी म्हणालो. “वाहायचंच असलं तर पुढे काचेखाली ओलं गंध, एक ठिपका. वरून काही टाकायचं नाही.”

“त्यांची पूजा मी करणारच नव्हते,” ती म्हणाली. “माझं हत्यार द्या.”

“पेटी आहे की.”

तिने गॅलरीकडे बोट दाखवलं. मी गॅलरीत जाऊन बिस्किटांचा निळा डबा आणला. तिने झाकण उघडलं. आत तंबोरा होता, म्हणजे त्याची हिरवी पाटी, सुटी बटणं, कागदात बांधलेले स्क्रू. तिची कुंकवाची चिमूट त्या उघड्या पाटीवर क्षणभर थांबली. तिने झाकण परत लावलं आणि कुंकू झाकणावर वाहिलं. अक्षता, झेंडूचं फूल, सगळं झाकणावर.

“आत नाही टाकलं,” ती म्हणाली. “परत खरवडत बसाल.”

 कुंकवावरच्या माझ्या त्या सगळ्या भाषणातला एक शब्दही आठवेना. मी खाली वाकून सोल्डरिंग आयर्न उचलायला गेलो तर तिने हात आडवा केला. “पूजेत मांडलेलं हत्यार आज उचलायचं नसतं. उद्या दसऱ्याला.”

“अगं, आता होईल.”

“इतकी थांबले, आणखी एक दिवस थांबते.”

दसऱ्याच्या सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून मी डबा उघडला. तंबोरा स्कोपला जोडला. लहरी झकास उमटल्या, आणि खोका तापल्यावर पंचमाची लहर थरथरली, अगदी पुस्तकात दाखवावी तशी. मग मी भिंग घेऊन पाटीवर वाकलो. पंचमाच्या बटणाखाली सोल्डरचा एक डाग भोवतीने तडकला होता, बारीक काळी कडी दिसत होती. पेन्सिलीच्या टोकाने दाबला की पंचम स्थिर, सोडला की थरथर. तो डाग मी नव्याने दिला. चहा अजून कोमट होता.

स्कोप लागलाच नसता. एकही नाही. गुरुपौर्णिमेला चष्मा पुसून पाटीकडे नुसतं पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

ती पुढ्यात येऊन बसली. तंबोरा अजून स्कोपला जोडलेलाच होता. षड्ज तिने लावला, बरा लागला. मग सावकाश वर गेली, पंचमावर आली, थांबली. आवाज थरथरला. तिने श्वास घेतला आणि पुन्हा लावला. पुन्हा थरथरला. मी सवयीने काचेकडे पाहिलं. तिथे पंचम जागचा हलत नव्हता.

“तो लागलाय,” ती म्हणाली. “आता थरथरते ती मी.”

“होईल गं. कोजागरीला वेळ आहे.”

“ते तुमचं हिरवं बंद करा आधी. आणि जरा बाहेर जाऊन या.”

मी गेलो. जाणार कुठे? शेजारीपाजारी सोनं वाटत फिरलो. पुढचे दिवस ती रोज सकाळी बसली, आणि मी तंबोऱ्याच्या आवाजाने उठलो, पूर्वीसारखा. फक्त उठल्यावर हॉलमध्ये जायचो नाही. बिहाग सुरू व्हायचा, पंचमापाशी यायचा आणि तिथून परत फिरायचा.

कोजागरीला गच्चीवर सतरंज्या पडल्या, दूध आटलं, माणसं जमली. तिच्या जागी तिने तिची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी बसवली आणि स्वतः मागे, तंबोऱ्याचा खोका मांडीशी घेऊन बसली. घसा ठीक नाही, असं सगळ्यांना सांगितलं. मुलगी बरी गायली. तंबोरा मात्र अप्रतिम वाजला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तापला तरी.

गाणं संपल्यावर खालच्या मजल्यावरचे शेजारी माझ्याजवळ आले. टीव्हीवाले. त्यांना गाण्यातलं कळतं. “तंबोरा काय सुरेख लागला होता हो,” ते म्हणाले. “तुम्ही केलात ना दुरुस्त?”

“हो,” मी म्हणालो.

ती दुधाचे पेले घेऊन फिरत होती. माझ्यासमोर पेला धरून म्हणाली, “नुसतं हो काय? सांगा की त्यांना, चांगला स्कोपवर बघून केलाय.”